इन्स्पेक्शन कॉलेजचं, की वॉर्डाचं?

बारावीचे निकाल लागले की तालुक्याच्या एस.टी. स्टँडवर नर्सिंग कॉलेजांचे फलक दिसू लागतात. एएनएम, जीएनएम, बी.एस्सी. नर्सिंग, शंभर टक्के नोकरीची हमी, आणि खाली ठळक अक्षरात 'मान्यताप्राप्त'. मुलीला घेऊन आलेल्या बापाला हा शेवटचा शब्द पुरतो. सरकारने तपासलंय म्हणजे चांगलंच असणार, असा त्याचा साधा हिशोब असतो. तो चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. पण सरकारने नक्की काय तपासलं, हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

मी सरकारी रुग्णालयात आधी स्टाफ नर्स आणि मग वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर म्हणून काम केलं. आता निवृत्त आहे. कॉलेजात शिकवलं नाही कधी. पण आसपासच्या खाजगी कॉलेजांच्या मुली (आणि हल्ली मुलंही) करार करून, फी भरून आमच्याकडे क्लिनिकलला यायच्या. कॉलेजच्या भिंतीआड काय शिकवतात ते मला कधी दिसलं नाही, पण त्या शिकवण्याचं काय झालं ते रोज सकाळी आठ वाजता वॉर्डाच्या दारात उभं असायचं. तेव्हा जे लिहिते आहे ते वॉर्डाच्या बाजूने लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते.

आधी थोडा इतिहास. आपल्याकडे स्वातंत्र्यापूर्वी नर्सचं शिक्षण प्रांताप्रांतात वेगळं होतं. एका प्रांतात शिकलेली नर्स दुसऱ्या प्रांतात चालेलच असं नव्हतं. १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला आणि त्यात परिचारिकांची संख्या आणि शिक्षण या दोन्हींची दुरवस्था मांडली गेली. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर इथे बी.एस्सी. नर्सिंग सुरू झालं. पाठोपाठ १९४७ मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा आला. देशभर नर्सच्या शिक्षणाचा दर्जा एकसारखा असावा, हाच त्या कायद्याचा हेतू. हेतू अगदी रास्त. आजारी माणूस नागपुरात असो की नाशकात, त्याला सुई टोचणारा हात सारखाच तयार झालेला हवा.

मग त्या दर्जाची मापं ठरली. ज्या निकषांवर आजवर कॉलेजं मोजली गेली, त्यातले काही ढोबळ सांगते. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक. बी.एस्सी.साठी स्वतःचं शंभर खाटांचं रुग्णालय. त्यातल्या किमान पंचाहत्तर टक्के खाटा भरलेल्या. वॉर्डात एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण. थिअरीला ८० टक्के हजेरी, आणि पदवी हातात पडण्याआधी प्रात्यक्षिकांची हजेरी मात्र पूर्ण १०० टक्के. शिवाय लॅब, लायब्ररी, हॉस्टेल, बस वगैरे.

ही मापं वाईट आहेत का? मुळीच नाही! उलट ती कोणीतरी वॉर्डात उभं राहून केलेली आहेत असं वाटतं. दहामागे एक शिक्षक म्हणजे पहिल्यांदा सलाइन लावणाऱ्या मुलीच्या शेजारी कोणीतरी उभं असणार. एकामागे तीन रुग्ण म्हणजे तिला रुग्णाचं नाव माहीत असणार, नुसता बेड नंबर नाही. शंभर टक्के प्रात्यक्षिक म्हणजे 'हे मी केलंच नाही' असं तिला नंतर म्हणावं लागणार नाही. प्रत्येक आकड्यामागे एक आजारी माणूस आहे.

अडचण पुढे आहे. आकडा कागदावर गेला की त्याच्यामागचा माणूस निघून जातो.

इन्स्पेक्शन कसं होतं, हे या क्षेत्रातल्या कोणालाही विचारा. तारीख आधी कळते. भिंतींना रंग लागतो. तक्ते नवीन होतात. दुसऱ्या संस्थेतून मॅनिकिन आणि पुस्तकं येतात. वर्षभर न दिसलेले शिक्षक त्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून हजर होतात. 'कागदावरची फॅकल्टी' असा त्यांना एक खास शब्दच पडलाय. खाटा भराव्या लागतात म्हणून गावातली धडधाकट माणसं झोपवल्याच्याही गोष्टी ऐकू येतात. पथक येतं, मोजतं, फोटो काढतं, जेवतं, जातं. सगळीकडे असंच चालतं असं नाही. प्रामाणिकपणे चालवलेली कॉलेजं मी पाहिली आहेत आणि त्यांच्या मुली ओळखू यायच्या. पण या पद्धतीत प्रामाणिक कॉलेज आणि सजवलेलं कॉलेज त्या एका दिवसापुरतं सारखंच दिसतं. किंबहुना सजवलेलं थोडं जास्तच चांगलं दिसतं, कारण खऱ्या कॉलेजात काही वस्तू वापरून जुन्या झालेल्या असतात.

यावर नेहमीचा उपाय सुचवला जातो की तपासणारे प्रामाणिक नेमा, वरच्या यंत्रणेकडून तपासून घ्या. मध्य प्रदेशात नेमकं तेच करून पाहिलं गेलं. तिथल्या नर्सिंग कॉलेजांबद्दल २०२२ साली उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. दोन-तीन खोल्यांत चालणारी कॉलेजं, एकाच वेळी अनेक ठिकाणी दाखवलेले शिक्षक, असे आरोप होते. न्यायालयाने तपास थेट सीबीआयकडे दिला. सीबीआयने ३०८ कॉलेजं तपासली. २०२४ च्या सुरुवातीला अहवाल आला : १६९ योग्य, ७४ मध्ये त्रुटी, ६५ अयोग्य. वाटलं, झालं एकदाचं. आणि मग २०२४ च्या मे महिन्यात सीबीआयने स्वतःच्याच अधिकाऱ्यांना अटक केली. आरोप असा की चांगला अहवाल देण्यासाठी त्यांनी कॉलेजांकडून लाच घेतली. न्यायालयाला त्या 'योग्य' ठरलेल्या १६९ कॉलेजांची पुन्हा तपासणी करायला सांगावं लागलं, तीही न्यायिक अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत आणि व्हिडिओ चित्रीकरणासह!

फक्त नर्सिंगला नावं ठेवायचं कारण नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत चांगला दर्जा देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून नॅकच्या एका तपासणी पथकातल्या प्राध्यापक मंडळींनाही अटक झाली. दर्जा ठरवणाऱ्यांचाच दर्जा कोण ठरवणार, असा प्रश्न पडतो.

माणसं लोभी असतात, एवढं म्हणून मला इथे थांबायचं नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. एका दिवसात, एका इमारतीत, चार माणसांच्या सहीने जे ठरतं ते विकत घेणं सोपं असतं. तपासणी करणारे बदलून फार फरक पडत नाही. काय तपासतो आणि कुठे तपासतो ते बदलायला हवं.

एक साधा हिशोब मांडून दाखवते. २०२१ मध्ये सेमिस्टरचा नवा अभ्यासक्रम लागू झाला. त्याआधीच्या बी.एस्सी. अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थिनीने वीस नॉर्मल बाळंतपणं स्वतः करायची होती. आता कॉलेजची प्रवेशक्षमता साठ धरा. साठ गुणिले वीस, म्हणजे एका बॅचला बाराशे बाळंतपणं. ज्या रुग्णालयात रोज तीन नॉर्मल बाळंतपणं होतात तिथे वर्षाला होतात १०९५. बाकी काही न करता, एकही बाळंतपण दुसऱ्या कोणाला न देता, रात्री-बेरात्रीची सगळी धरूनसुद्धा एका बॅचला पुरत नाहीत. आणि त्याच लेबर रूममध्ये आणखी दोन कॉलेजांच्या जीएनएमच्या मुली, एएनएमच्या मुली, शिवाय इंटर्न डॉक्टर उभे असतात. शंभर खाटांच्या खाजगी रुग्णालयात तर रोज तीन नॉर्मल बाळंतपणं हीच मोठी गोष्ट झाली.

मग त्या साठ मुलींच्या वह्यांत प्रत्येकी वीस बाळंतपणं कुठून आली? नुसती वहीतच आली, दुसरं काय!

अभ्यासक्रम बदलला, आकडे बदलतील, पण हिशोबाची रीत तीच राहते. आणि हा हिशोब करायला कॉलेजात जाण्याचीही गरज नाही. रुग्णालयाचं बाळंतपणांचं रजिस्टर आणि विद्यार्थिनींची लॉगबुकं शेजारी-शेजारी ठेवली की झालं. रजिस्टरमध्ये तारीख असते, वेळ असते, बाळाचं वजन असतं, कोणी बाळंतपण केलं त्याची सही असते. त्याच्याशी लॉगबुकातली नोंद जुळते का, एवढंच बघायचं. माझ्या वॉर्डातली रजिस्टरं वर्षानुवर्षं कपाटात होती. माझ्या सगळ्या नोकरीत कुठल्याही कॉलेजच्या तपासणी पथकातलं कोणी ती मागायला आलं नाही. 'सिस्टर, या कॉलेजच्या मुली कशा आहेत?' असंही मला कोणी विचारलं नाही. खाटा मोजायला मात्र एक पथक आलं होतं. दारातूनच मोजल्या त्यांनी.

विचारलं असतं तर सांगण्यासारखं खूप होतं. तिसऱ्या वर्षाची एक मुलगी आठवते. हुशार, थिअरीत पहिली. रायल्स ट्यूब टाकायला सांगितली तर पायऱ्या तोंडपाठ म्हणाली, नाकापासून कानापर्यंत आणि कानापासून छातीच्या हाडाच्या टोकापर्यंत कसं मोजायचं ते सगळं. पण नळी हातात घेतल्यावर हात कापायला लागला. मी म्हटलं, "आधी टाकली आहेस का गं?" तर म्हणाली, "मॅनिकिनवर बघितलीय सिस्टर." टाकली नाही, बघितली! साठ जणींत एक मॅनिकिन, आणि दाखवायला एक ट्यूटर, त्याही नव्या. तिच्या लॉगबुकात मात्र पाच नळ्यांच्या पुढे सही होती. तिचा काय दोष? तिच्या बापाने कर्ज काढून फी भरली होती. तिला शिकायचं होतं, आणि तिच्या कॉलेजला मान्यता होती.

आणि तिच्यापेक्षाही मोठा धोका त्या पेशंटला, जो पुढे कधीतरी एखाद्या गावच्या दवाखान्यात रात्री दोन वाजता तिच्या हाती पडणार. तिथे विचारायला कोणी इन्चार्ज सिस्टर नसते. नळी पोटात गेली की श्वासनलिकेत, हे त्या वेळी तिलाच ओळखायचं असतं.

काही जण म्हणतील, मग सोडा ते इन्स्पेक्शन, शेवटी एक कडक परीक्षा घ्या आणि निकालावरून कॉलेज जोखा. अमेरिकेत बऱ्याच अंशी असं आहे. तिथे परवान्यासाठी एनक्लेक्स ही परीक्षा द्यावी लागते आणि अनेक राज्यांत कुठल्या शाळेचे किती टक्के विद्यार्थी पहिल्या प्रयत्नात पास झाले हे जाहीर होतं. तिथल्या मूल्यांकन संस्थाही इमारतीपलीकडे जाऊन किती जणांनी कोर्स पूर्ण केला, किती परवाना परीक्षा पास झाले, किती जणांना काम मिळालं, हे विचारतात. ही पद्धत मला आवडते. निदान संस्थेबाहेरचा एक आकडा तरी पालकांच्या हाती येतो.

पण तीही पुरेशी नाही. २०२३ च्या जानेवारीत अमेरिकेत मोठं प्रकरण उघड झालं. फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग संस्थांनी ७६०० हून जास्त खोटी प्रमाणपत्रं विकली होती. ती घेणाऱ्यांपैकी सुमारे २४०० जण पुढे ती परवाना परीक्षा पास झाले. म्हणजे परीक्षेने दोन-तृतीयांश लोक अडवले, हे तिचं यश. पण एक-तृतीयांश लोक शिक्षणक्रम पूर्ण न करताच पास झाले. नर्सिंग हे काही फक्त उत्तर माहीत असण्याचं काम नाही. कूस बदलताना पाठ लाल झालीय हे बघणं, नातेवाईक 'ठीक आहे' म्हणत असताना पेशंटच्या श्वासावरून ठीक नाही हे ओळखणं, हे वॉर्डात तास घालवल्याशिवाय येत नाही. परीक्षा हवी, आणि ते तास खरेच झाले का हे बघणारंही कोणी हवं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मला टाळायचा नाही. निकष कडक केले तर पहिली बंद पडतील ती लहान गावातली कॉलेजं. तिथल्या मुलींना शहरात पाठवत नाहीत. गावाजवळ कॉलेज आहे म्हणून लग्न दोन-तीन वर्षं पुढे गेलं, अशा मुली मी पाहिल्यात. नर्सिंगने आपल्याकडे कितीतरी घरं वर काढली आहेत. शिवाय नर्सेस कमी आहेत हेही खरंच. सरकारने २०२३ मध्ये १५७ नवी सरकारी नर्सिंग कॉलेजं वैद्यकीय महाविद्यालयांच्या शेजारी काढायचं ठरवलं. दरवर्षी सुमारे १५,७०० पदवीधर त्यातून तयार व्हावेत अशी अपेक्षा आहे. वैद्यकीय महाविद्यालयाजवळ म्हणजे निदान रुग्ण खरे असतील, हा विचार मला पटतो.

पण गावातल्या मुलीला संधी हवी म्हणून तिला अर्धवट शिक्षण द्यायचं, हा तर तिच्यावरच अन्याय. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात मुलाखतीला गेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत ते उघडं पडतं. मग तीच पदवी घेऊन ती कुठेतरी सात-आठ हजारांवर राबत बसते. लहान कॉलेजला इमारतीच्या निकषांत सवलत द्यायची असेल तर खुशाल द्या. एसी संगणक कक्ष नसला तरी चालेल. पण शिक्षक आणि रुग्ण यांत सवलत नको.

मग करायचं काय? मला सुचतं ते लिहिते.

तपासणी वॉर्डातून सुरू करावी आणि कॉलेजच्या ऑफिसात संपवावी, आज आहे त्याच्या बरोबर उलट. न सांगता यावं, शक्यतो सकाळच्या ड्यूटीला. आधी इन्चार्ज सिस्टरला विचारावं की या कॉलेजच्या मुली किती दिवस येतात, किती तास थांबतात, त्यांच्याबरोबर ट्यूटर असतात की नुसतं हजेरीपत्रक येतं. मग कोणत्याही पाच विद्यार्थिनींना बोलावून रोजचंच काही करायला सांगावं. बी.पी. घे, इंजेक्शनचा डोस काढ, या आजोबांची कूस बदल. नव्या अभ्यासक्रमात ओएससीई पद्धतीने कौशल्य तपासायची सोय आहेच. ती कॉलेजच्या आतच कशाला ठेवायची? मग लॉगबुकं आणि रुग्णालयाची रजिस्टरं जुळवावीत. शिक्षक खरे आहेत का, हे त्यांच्या पगाराच्या बँक नोंदींवरून बघावं, कपड्यांवरून नाही. आणि सगळ्यात शेवटी इमारत.

दुसरं, जो अहवाल होईल तो पूर्ण, मराठीत, सगळ्यांना वाचता येईल असा जाहीर करावा. 'मान्यता आहे' किंवा 'नाही' एवढ्याने बापाला काही कळत नाही. किती शिक्षक, किती रुग्ण, मागच्या तीन बॅचपैकी किती जणी पास झाल्या, किती जणींची कौन्सिलकडे नोंदणी झाली, हे त्याला दिसलं पाहिजे.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण म्हणजे २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा मंजूर केला, १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी. त्यात संस्थांचं मूल्यांकन करून दर्जा ठरवण्यासाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे. पंचाहत्तर वर्षांनी फूटपट्टी नव्याने करायची संधी आली आहे. नव्या मंडळाने जुनीच पट्टी नवीन रंगात आणली, तर कॉलेजवाल्यांना फक्त नवीन तक्ते करावे लागतील. ते त्यांना चांगलं जमतं.

तोवर पालकांनी काय करावं? कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत बघून परत येऊ नका. मुली क्लिनिकलला कुठल्या रुग्णालयात जातात ते विचारा, आणि सरळ त्या रुग्णालयात जा. भेटीच्या वेळेत वॉर्डाबाहेर उभं राहा. निळ्या-पांढऱ्या ड्रेसमधल्या मुली पेशंटजवळ दिसतात की जिन्यात घोळक्याने बसलेल्या, हे अर्ध्या तासात कळतं. त्यांच्यातल्याच एखादीला विचारा, "बाळा, तुमच्या मॅडम कुठेत?" ती पटकन बोट दाखवून "त्या काय, सहा नंबरपाशी" म्हणाली, तर कॉलेज बरं आहे असं समजायला हरकत नाही.